तंबूतली वेगळी चूल

माझा स्वभाव क्षमाशील आहे, असं मी स्वतःच सांगते. दुसऱ्या कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही. मुलं म्हणतात, "आई दूध गॅसवर विसरते, चष्मा डोक्यावर विसरते, फक्त कोण काय बोललं ते विसरत नाही." खरं आहे. एका हिरव्या तंबूपायी मी अख्खं वर्ष डूख धरून बसले होते, आणि ते वर्ष माझ्या संसारातल्या सुखाच्या वर्षांपैकी एक होतं. मनात सूड असला की भांडीसुद्धा कशी भराभर घासून होतात.

तंबू आमच्या भावोजींचा. भावोजी म्हणजे माझ्या नणंदेचे, वन्संचे यजमान. मुंबईला एका मोठ्या कंपनीत होते. साठ सालानंतर कधीतरी कंपनीने त्यांना सहा महिने विलायतेला धाडलं. तिथे कामावरच्या एका सोबत्याच्या कुटुंबाबरोबर ते वेल्स नावाच्या डोंगराळ मुलखात सुट्टीला गेले. मोटारीच्या मागे चाकांवरचं घर जोडायचं, त्याला म्हणे कॅरॅव्हॅन म्हणतात. ते कुठल्यातरी शेतकऱ्याच्या कुरणात उभं करायचं, शेजारी तंबू ठोकायचा आणि पाऊस बघत बसायचं. "आठवडाभर पाऊस पडला वहिनी, आणि आठवडाभर आम्ही आनंदात होतो," असं ते सांगायचे. मला वाटायचं, गळक्या छपराखाली बसायला इतक्या लांब कशाला जायचं? पालघरजवळच्या आमच्या शिरगावात ही सोय घरोघरी होती. पण मी नवी सून. मी मान डोलवायची.

येताना त्यांनी एक तंबू आणला. मुंबईत तो गॅलरीत मावेना. मग दर नाताळच्या सुट्टीत वन्संना आणि तंबूला घेऊन ते आमच्या वाडीत यायला लागले. नारळ-केळी संपून सुरूची झाडं लागतात आणि समुद्र ऐकू येतो, तिथे तंबू उभा राहायचा. घरात त्यांच्यासाठी खोली होती, पलंग होता. पण छे!

"घरात राहणं म्हणजे सुट्टी नव्हे," भावोजी म्हणायचे. "कॅम्पिंगचं तत्त्व काय? स्वावलंबन. कोणाला म्हणून त्रास द्यायचा नाही."

आता हे स्वावलंबन कसं चालायचं ते सांगते. त्यांच्यापाशी एक स्टोव्ह होता, पण शोभेला; सकाळी उठल्या उठल्या घरातून तंबूत चहा. मोकळ्या हवेत चहा लवकर निवतो, म्हणून पाठोपाठ दुसरा. मग अंघोळीचं गरम पाणी. बंब घराच्या मागच्या पडवीत, तंबू वाडीच्या टोकाला. बादल्या घेऊन आमचे हे पुढे आणि तांब्या-साबण घेऊन मी मागे, अशी आमची वरात निघायची. जमीन ओलसर लागते म्हणून घरातल्या गाद्या तंबूत गेल्या. गाद्यांमागोमाग उशा गेल्या, कंदील गेला, आरामखुर्ची गेली. दुपारचं जेवण मी टोपल्यात घालून नेऊन वाढायची, आणि ते केळीच्या पानावर जेवून "निसर्गात भूक कशी लागते बघा" म्हणायचे. निसर्ग म्हणजे मी, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही. दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की आमचं सगळं घर तंबूत राहायला गेलंय आणि उघड्यावर पडलोय ते आम्हीच.

बरं, बोलायची सोय नाही. आमच्या सासूबाईंना आम्ही माई म्हणायचो. माईंच्या लेखी देव एक आणि जावई एक, आणि दोघांत भांडण लागलं असतं तर त्या जावयाच्या बाजूने उभ्या राहिल्या असत्या. "जावय हाय तो," त्या म्हणायच्या. "त्याचा सबूद खाली पडता नाय कामा." हे तर जन्माचे अबोल. पानवेलीशी बोलतील तेवढं माणसाशी बोलायचे नाहीत. मी धुसफुसायला लागले की कुदळ घेऊन वाडीत जायचे. माझ्या रागावर आमची वाडी फार छान खणली जायची.

आणि ते वेल्स! माशी बसली की "वेल्समध्ये माश्या नसतात." रस्त्यात म्हैस आडवी आली की "वेल्समध्ये मेंढ्या अशाच उभ्या राहतात, पण काय रुबाब!" सातपाटीहून मासळीवाल्या यायच्या, त्यांच्यातल्या एका म्हातारीने एकदा टोपली उतरवता उतरवता मला विचारलंही, "तुमच्या जावयाला त्या गावात कोनी जिवंत सोडलं ओ? तितंच का नाय ऱ्हायला?" मी तिच्याकडून त्या दिवशी घासाघीस न करता बोंबील घेतले.

हे सगळं मी सोसलं असतं. एकच गोष्ट सोसवत नव्हती. माझं माहेर बेटेगावचं, बोईसरजवळ. आईचं वालाचं एक शेत होतं. नाताळच्या त्या आठवड्यातच वालाच्या शेंगा भरतात आणि शेतात उकडहंडी लागते. मडक्यात हिरव्या पाल्याचं अस्तर, आत वालाच्या शेंगा, कांद म्हणतात ती कंदमुळं, रताळी, वांगी, ओवा आणि जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती गवत-काटक्यांचा जाळ. लग्नाआधी एक हंडी चुकली नव्हती. लग्नानंतर एकही मिळाली नव्हती, कारण नेमका तोच आठवडा तंबूचा. "जावय यायचेत, आन सून म्हायेरी?" माई म्हणायच्या, आणि विषय संपायचा.

तिसऱ्या वर्षी मी मनाशी म्हटलं, मी हंडीकडे जाऊ शकत नाही, तर हंडीच इकडे आणू. आईकडून शेंगा मागवल्या आणि आमच्या वाडीत, तंबूच्या पुढ्यात हंडी लावली. त्या दिवशी भावोजींनी एक पाहुणा बोलावला होता. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं होतं, तिथे आलेला एक परदेशी साहेब. उंच, लालबुंद, अगदी नम्र माणूस. मी जाळाशी बसलेली, पदर खोचलेला, तोंडावर राख. हंडी फोडली, वाफ उसळली. साहेबाने एक शेंग सोलून खाल्ली आणि डोळे मिटून घेतले. मग इंग्रजीत विचारलं, हे कोणी केलं?

"मी," भावोजी म्हणाले. "कॅम्पमध्ये स्वयंपाक मीच करतो."

"आणि या बाई?"

भावोजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "ही इथली कामवाली आहे. गावातलीच. फार प्रामाणिक बाई."

मी बोईसरच्या शाळेतून इंग्रजी घेऊन मॅट्रिक झाले होते. भावोजींना हे ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. कामवाली म्हटल्याचा राग आला नाही असं नाही. पण त्या "प्रामाणिक"ने माझं काळीज करपलं. साहेबाने उठून मला हात जोडले, बिचाऱ्याने. मी पण जोडले. प्रामाणिक बाईने दुसरं काय करायचं?

त्या क्षणी मी ठरवलं, की हा शब्द मी भावोजींना परत करीन. व्याजासकट.

उन्हाळ्यात बेटेगावला दोन दिवस गेले तेव्हा आई वालाचं वाफाळतं पिठलं वाढता वाढता म्हणाली, "पुढच्या हिवाळ्यानंतर शेत नाय राहायचं गो. तुजा भाऊ देतोय कंत्राटदाराला. कामावरच्या मानसांच्या खोल्या उठतील तिथं." मी पिठलं कालवत राहिले. तीच म्हणाली, "शेवटची हंडी हाय. तेवढ्याला ये."

मी "येते" म्हणाले. म्हणाले खरी, पण परतीच्या वाटेवर बोटांवर तारखा मोजत आले. शेवटची हंडी आणि तंबू, दोन्ही एकाच आठवड्यात.

त्यानंतर मी सुडाचे जे जे बेत केले ते आठवून आजही माझी मलाच भीती वाटते. तंबूवरच्या फांदीत तांबड्या मुंग्यांचं घरटं सोडायचं. तंबूच्या खुंट्यांना म्हैस बांधायची. सुके बोंबील गादीच्या आत शिवायचे. हा शेवटचा बेत फार पुढे गेला होता. सुईत दोरासुद्धा ओवला होता. पण मग ध्यानात आलं, मुंग्या झाडायला, म्हैस सोडवायला आणि गादी उसवायला शेवटी बोलावतील मलाच. माझा सूड माझ्याच अंगावर भांडी घासायला यायचा.

वाट दाखवली ती माईंनीच, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. पावसाळ्यानंतर माझे चुलत दीर आमच्याच कुंपणात वेगळे झाले. भांडण नव्हतं; माणसं वाढली, एवढंच. जाऊबाईंनी पडवीच्या पलीकडे नवी चूल मांडली. पहिल्या दिवशी मी माशाच्या आमटीचं भांडं घेऊन तिकडे निघाले, तर माईंनी दारातच अडवलं.

"रांधलेलं नेतेस?"

"हो. आजच चूल मांडलीय, काय करणार त्या?"

"वेड लागलं काय तुला? जिची चूल वेगळी झाली तिला रांधलेलं नाय पाठवत. तुजी चूल पेटत नाय असं तोंडावर म्हनल्यासारखं होतं ते. शिधा न्यायचा."

मग त्यांनी स्वतः सूप काढलं. तांदूळ, डाळ, मीठ, नारळ, हळद. सगळं कच्चं, सगळं मानाने. वर हळदीकुंकू लावून दिलं.

मी ते सूप घेऊन उभीच राहिले. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जाऊबाई म्हणाल्या, "आत या, अशा काय हसताय एकट्याच?"

एकच गोष्ट हवी होती: भावोजींनी स्वतःच्या तोंडाने, माईंसमोर, तंबूतली चूल आपली म्हणायला हवी. हे काम अवघड नव्हतं. बढाई मारणाऱ्या माणसाकडून बढाई मारून घ्यायला फारशी अक्कल लागत नाही.

नाताळ आला, तंबू आला. हे खुंट्या ठोकत होते, वन्सं नेहमीसारख्या कडेला उभ्या राहून हसत होत्या, माई दृष्ट काढायला आल्या होत्या. मी माझ्या आवाजात जेवढं लोणी मावेल तेवढं घातलं.

"भावोजी, यंदाही तो जुनाच स्टोव्ह का हो?"

"जुना?" त्यांनी पेटीतून एक चकचकीत, दोन तोंडांचा स्टोव्ह काढून पुढ्यात ठेवला. "बघा! वेल्समध्ये अगदी अस्साच होता. यंदा तुमच्या घराकडे ढुंकून बघायचं नाही मी."

"अगोबाई! म्हणजे ही तुमची स्वतःची चूल म्हणायची?"

"अर्थात! माई, बघितलंत? ही माझी चूल. स्वतंत्र!"

माईंचा चेहरा गंभीर झाला. त्या स्टोव्हकडे बघत राहिल्या. मग घरात गेल्या आणि हळदकुंकू, अक्षता आणि नारळ घेऊन आल्या. स्टोव्हच्या दोन्ही तोंडांना बोटं लावली, नारळ फोडला, हात जोडले. "भरलेली राहो," म्हणाल्या. भावोजी खूष. त्यांना वाटलं सत्कार झाला. वन्संचं हसू मात्र थांबलं. त्या याच घरच्या लेक. चूल पुजली म्हणजे काय झालं ते त्यांना कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी केळीच्या घडाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूतून हाक आली, "वहिनी, चहा!"

माई पडवीतून म्हणाल्या, "बस खाली. मी जाते." आणि त्या स्वतः सूप घेऊन गेल्या. मी मागून गेले. असला सोहळा चुकवायला मी काय संत आहे? सुपात चहाची भुकटी, गूळ, तांदूळ, डाळ, न सोललेला नारळ, चार जिवंत चिंबोऱ्या दोरीने बांधलेल्या, आणि माईंच्या काखेत आमचा तांबडा कोंबडा. जावयाला शिधा द्यायचा म्हणजे नुसती डाळ कशी द्यायची!

"हे काय माई?" भावोजी अंथरुणातच.

"शिधा. तुमच्या चुलीचा मान."

"नाही, पण... चहा?"

"भुकटी हाय ना त्यात. दूध तांब्यात हाय. तुमच्या चुलीवर माजा चा आनीन तर तुमचा अपमान होईल. आमी असं करत नाय."

त्यांनी कोंबडा भावोजींच्या मांडीवर ठेवला. कोंबड्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा तंबूकडे, आणि गादीवर शिटला. आमचीच गादी, पण त्या दिवशी मला तिचं काही वाटलं नाही.

भावोजींना नाही म्हणता येईना. मान नाकारायचा कसा? आणि चूल माझी नव्हे असंही म्हणता येईना. दुपारपर्यंत सुरूच्या झाडांतून काळा धूर येत राहिला. एकदा स्टोव्ह भडकला तेव्हा भुवया थोड्या गेल्या. नारळ सोलायला त्यांनी दगड वापरला, मग खुंटी वापरली, मग वेल्समध्ये नारळ नसतात असं म्हणाले. चिंबोऱ्यांची दोरी सुटली आणि त्या तंबूत फिरायला लागल्या. एवढं झाल्यावर त्यांनी अर्धवट भात खाल्ला. मी लांबून, वाल सोलत, सगळं बघितलं. इतके चविष्ट वाल मी जन्मात सोलले नाहीत.

पण शिधा हा नुसता पाया होता. कळस पुढे होता. संध्याकाळी मी माईंच्या पायांना तेल लावायला बसले.

"माई, आता जावयांची चूल वेगळी. मग आपल्याला घरात काम काय?"

"काय नाय," माई विचारात पडल्या. जन्मभरात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा.

"मग आपण जायचं का? कॅम्पिंगला?"

"कुठं?"

"बेटेगावला. आईची शेवटची हंडी आहे. छपरी गाडी घेऊन जाऊ. शेतातच उतरू."

माईंनी पाय आखडून घेतला. मला वाटलं, संपलं. पण त्या म्हणाल्या, "माज्या लग्नानंतर मी पावनी म्हनून कुनाकडं ऱ्हायलेच नाय गो. बाळंतपनं काढायला तेवढी गेले." पाय परत पुढे केला. मग, "गाडी कोन हाकील?"

पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून आमचे हे म्हणाले, "मी."

त्या वर्षातला त्यांचा हा बहुधा सर्वांत लांब संवाद असेल. मी वळून बघितलं, तर ते चाकाला वंगण घालायला उठलेसुद्धा होते. तीन वर्षं बादल्या त्यांनीही वाहिल्या होत्या.

सकाळी गाडी जुंपली. वाकवलेल्या बांबूंवर चटईचं छप्पर, आत गवताचा पेंढा, वर गोधडी, माझी धाकटी मुलगी माईंच्या मांडीवर. हेच आमचं चाकांवरचं घर. म्हैस जाऊबाईंकडे सोपवली. मी तंबूशी जाऊन हाक मारली, "भावोजी, आम्ही कॅम्पिंगला निघालो. घराला कुलूप लावलंय, तुम्हाला लागणार नाहीच. ढुंकून बघायचं नाही म्हणालात ना?"

तंबूतून आधी कोंबडा बाहेर आला, त्याच्यामागे भावोजी, आणि त्यांच्यामागे वन्सं. वन्संच्या हातात बोचकं होतं.

"मी पण येते," वन्सं म्हणाल्या.

"तू?" भावोजी म्हणाले. "पण तुला तर कॅम्पिंग आवडतं!"

"तुम्हीच सांगत असता सगळ्यांना," वन्सं म्हणाल्या. "माझी पाठ मोडली तीन वर्षं. वहिनी, सरका जरा."

मी सरकले. सुडात भागीदार मिळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. गाडी वाडीच्या फाटकातून बाहेर पडली तेव्हा मागे भावोजी एका हातात सूप आणि काखेत कोंबडा घेऊन उभे होते. वळणापर्यंत मी मागे बघत राहिले. मान अवघडली, तरी बघत राहिले.

त्या प्रवासाचं काय सांगू! पालघर मागे टाकलं, दुपारी एका ओढ्याकाठी बैल सोडले. भाकरी, सुकी मासळी आणि कांदा. माईंनी पाण्यात पाय सोडले. वन्सं गोधडीवर पालथ्या पडून तोंडात गवताची काडी घेऊन काहीतरी गुणगुणत होत्या. माई म्हणाल्या, "ह्यालाच म्हनतात क्यांपिंग?"

"हेच," मी म्हटलं.

"मंग जावय इतकी वर्सं काय करत होते?"

वन्सं इतक्या हसल्या की बैल बुजले.

दिवस मावळायच्या आत आम्ही शेतात पोचलो. आई बांधावर उभीच होती. मला बघून खाली उतरली आणि गाडीच्या दांडीला धरून माझ्याबरोबर शेवटची चार पावलं चालली. गाडी शेताच्या कडेला, आंब्याखाली लावली आणि आम्ही तिथेच राहिलो. आईने माईंना पाट दिला, ताट वाढलं, आणि माई उठायला लागल्या की खांद्याला धरून परत बसवलं. "तुमी पावन्या हायेत." माईंना कसं बसायचं तेच कळेना. पाय पसरले, आखडले, परत पसरले.

दुसऱ्या दिवशी हंडी. आई मडक्यात पाला लावत होती, मी शेंगा भरत होते. तिने मूठभर माती उचलली, चुरगाळली आणि परत शेतात टाकली. "वाल बरा आला यंदा," एवढंच म्हणाली. मी शेंगा भरत राहिले. मडकं भरलं तरी दाबून दाबून भरत राहिले. मग तिनेच हात धरला. "बस. वाफेला जागा ठेव."

एक हंडी आधीच जाळात होती; ही दुसरी उपडी ठेवली, जाळ लावला, आणि तेवढ्यात बांधावरून एक माणूस येताना दिसला. दाढी वाढलेली, भुवया अर्ध्या, शर्टावर केळीचे काळे डाग, आणि काखेत तांबडा कोंबडा.

भावोजी! एसटीने पालघर, तिथून रेल्वेने बोईसर आणि पुढे चालत.

"कोंबडा का आणलात?" वन्संनी विचारलं.

"मग त्याला एकट्याला ठेवून कसा येणार?" भावोजी म्हणाले. "कापायचं मला जमेना. आणि आता ओळख झाली." त्यांची नजर हंडीवर होती. "काही खायला आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "या दुसरीचा जाळ नीट धरत नाहीये. जरा फुंकर घाला. शेंगा होतील तशा मिळतील."

ते मुकाट्याने बसले. माई काहीतरी म्हणणार होत्या, पण त्या आता पाहुण्या होत्या. दुसऱ्याच्या चुलीत लक्ष घालत नाहीत. भावोजी ओणवे होऊन फुंकत होते, धूर डोळ्यांत जात होता, राख तोंडाला लागत होती. कोंबडा शेजारी. आणि तेव्हाच, मी देवाला नवस बोलले नव्हते तरी, कंत्राटदार शेत बघायला आला.

भाऊ त्याला बांध दाखवत होता. स्वच्छ कपड्यातला, हिंदी बोलणारा माणूस. आईने त्याला बसायला सांगितलं. पहिली हंडी उघडली. त्याने शेंग खाल्ली आणि मान डोलावली.

"बहुत बढ़िया. किसने बनाया?"

"मैंने," मी म्हणाले. "और मेरी माँ ने."

"और ये?" त्याने जाळापुढच्या भावोजींकडे बोट केलं.

वर्षभर मी हे वाक्य घासून ठेवलं होतं, तांब्याच्या भांड्यासारखं. फक्त भाषा बदलावी लागली.

"ये? ये यहीं का काम करनेवाला है," मी म्हटलं. "गाँव का ही है. बहुत ईमानदार आदमी है."

भावोजींची फुंकर अर्ध्यावर थांबली. त्यांनी मान वर केली. मी त्यांच्याकडे सरळ बघितलं, आणि त्यांना तो परदेशी साहेब आठवला, वाफ आठवली, स्वतःचे शब्द आठवले. एकेक आठवताना मला दिसत होतं. मला इंग्रजी येतं हेही त्यांना तेव्हाच कळलं. तोंड उघडलं त्यांनी. पण बोलणार काय? माई बसल्या होत्या, वन्सं बसल्या होत्या. खरं सांगायचं तर गेल्या वर्षीचंही सांगावं लागलं असतं.

कंत्राटदार खूष झाला. "ऐसा आदमी तो हमको चाहिए," तो भावोजींना म्हणाला. "गोदाम पे चौकीदारी करेगा? रहने को खोली मिलेगी."

"तंबू चलेगा इनको," वन्सं म्हणाल्या.

आमचे हे बैलांच्या मागे गेले. बराच वेळ तिथून फक्त त्यांचे हलणारे खांदे दिसत होते.

भावोजी परत खाली वाकले आणि फुंकायला लागले. दुसरी हंडी व्हायची होती. ती त्यांनी शेवटपर्यंत सांभाळली, हे मी सूड बाजूला ठेवून सांगते. जाळ कुठे कमी करू देत नव्हते. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज आल्यावर आईने ते उलटलं, आणि पहिली ओंजळ त्यांच्या पानावर घातली. मग माझ्या. मग स्वतःच्या. त्या शेतातलं तेवढंच शेवटचं.

पुढच्या हिवाळ्यात तिथे पत्र्याच्या खोल्या होत्या. आईने अंगणाच्या कोपऱ्यात हंडी लावली, मी गेले. त्यानंतर नाताळात माझं माहेर कोणी अडवलं नाही. कोंबडा आईकडेच राहिला आणि म्हातारा होऊन मेला; त्याला कापायचं नाही, असा भावोजींचा निरोप असायचा. तंबूचं त्यांनी नाव काढलं नाही. तो आमच्या पेंढ्यावर घातला, पावसाळ्यात बरा. म्हणजे भावोजी घरातल्या पलंगावर आले, आणि चूल एकच झाल्यामुळे त्यांचा चहा परत माझ्याच गळ्यात पडला. हा हिशेब मी आधी केला नव्हता. माझ्या कारस्थानांना नेहमी मागून असं एक छिद्र असतं.

पण मी पस्तावले नाही. आता भावोजी सत्तरीकडे आलेत. अजून लग्नाकार्यात वेल्सच्या पावसाच्या गोष्टी सांगतात, नवी मंडळी कौतुकाने ऐकते, आणि कोणीतरी माझ्याकडे बघून विचारतंच, "आणि या कोण?" त्याबरोबर भावोजी खुर्चीतून अर्धे उठतात.

"या माझ्या मेहुण्याच्या सौभाग्यवती," ते घाईघाईने म्हणतात. "शिरगावच्या. माहेर बेटेगाव. मॅट्रिक झालेल्या आहेत. उकडहंडी यांच्या हातची."

मी मान हलवते आणि पुढे तो "प्रामाणिक" येतो का याची वाट बघते. अजून तरी आलेला नाही.